कोपऱ्यावरचं मेडिकल : चिठ्ठी नाही तर गोळी नाही

परवा रात्री आईचा घसा धरला, अंगात तापही होता, म्हणून मी थेट मेडिकलवर जाऊन सेफिक्सिम या अँटिबायोटिकच्या पाच गोळ्या मागितल्या, मागच्या वेळची रिकामी स्ट्रिप पण दाखवली. काउंटरवरच्या ताईंनी ती उलटी केली, लाल रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, ही चिठ्ठीशिवाय नाही देता येणार." मागचे लोक वैतागले, एकजण म्हणाला पलीकडच्या दुकानात देतात की सरळ. ताईंचा आवाज जरासुद्धा चढला नाही. ताप किती आहे, वय काय, विचारलं, पॅरासिटामॉल दिली, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, आत्ता कुठला दवाखाना उघडा असेल तेही सांगितलं. सेफिक्सिम हे शेड्यूल एच१ मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीतलं, २०१४ पासून डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ३ वर्षं जपावं लागतं, आणि ते रजिस्टर काउंटरवर खरंच भरलेलं होतं. सकाळी डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, अँटिबायोटिक नकोच. गिऱ्हाईक तुटणार हे दिसत असताना इतक्या आपुलकीनं नाही म्हणणारं दुकान मी तरी दुसरं बघितलं नाही. डिस्काउंट नाही, गाडी लावायला जागा नाही, पण आमच्या घरची सगळी औषधं आता इथूनच.