मालवण–आंबोली–दाजीपूर: ४ रात्री ५ दिवसांचं पॅकेज घ्यावं का?

दिवाळीच्या तोंडावर मोबाईलवर येणारी ही जाहिरात बहुतेकांनी पाहिली असेल: समुद्र, थंड हवा आणि जंगल सफारी, सगळं एकाच सहलीत. कुडाळ स्टेशनवर गाडी घ्यायला येणार, मालवणजवळ तारकर्लीत दोन रात्री, वेंगुर्ल्यात एक, आंबोलीत एक आणि शेवटच्या दिवशी दाजीपूरचे गवे दाखवून कोल्हापूरला सोडणार. विकणारे निरनिराळे, दर निरनिराळे, पण कार्यक्रमाचा कागद जवळजवळ तोच. म्हणून परीक्षण त्या कागदाचं.

मार्ग उत्तम आखलाय, हे आधी मान्य करू. कोकण रेल्वेने उतरायचं आणि घाट चढून कोल्हापूरहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला परतायचं, यात आल्या वाटेने परत जावं लागत नाही. बिघडतं ते ऋतूत आणि दिवसांच्या वाटणीत.

आधी ऋतू. जाहिरातीत तीन फोटो असतात: निळं पाणी, फेसाळता आंबोली धबधबा, माळावर उभा गवा. हे तिन्ही एका महिन्यात दिसत नाहीत. मालवणचं पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी नितळ. आंबोली जून ते सप्टेंबर. तेव्हा धबधबा गाडीच्या टपावर उडतो आणि तिथल्या कावळेसाद पॉइंटला वारा पाणी उलटं वर फेकतो. अर्थात धुकं नसेल तर. असेल तर कठड्यापलीकडे पांढरा पडदा. दाजीपूरचे गवे मार्च ते मे या काळात, पाणवठे आटले की, दिसण्याची शक्यता जास्त, आणि पावसाळ्यात अभयारण्य बंदच असतं. २६ मे ते ३१ ऑगस्ट मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीही बंद. डिसेंबरात हे पॅकेज घेणाऱ्याला समुद्र पैसे वसूल करून देईल, पण धबधब्याच्या जागी ओला कातळ बघावा लागेल. तिन्हींचं थोडं थोडं एकत्र मिळतं ते दिवाळीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत, अभयारण्य उघडल्यावर. तेही तारकर्लीचे दिवस सोमवार ते गुरुवारात बसवून, कारण शनिवार-रविवारी तारकर्लीत रस्ता कमी आणि गाड्या जास्त.

आता दुसरा दिवस, जो कागदावर सगळ्यात भरगच्च असतो: पहाटे डॉल्फिन, मग स्कूबा, मग सिंधुदुर्ग किल्ला, मग त्सुनामी आयलंड. चार वेळा होडीत चढ-उतार. दुपारी वारा सुटला की समुद्र चोपायला लागतो, आणि ज्यांना बोट लागते त्यांचा दिवस तिथेच संपतो. शिवाय किल्ल्याला एक तासच मिळतो, कारण जेटीवरून नेणारी होडी साधारण तासाभराने त्याच प्रवाशांना घेऊन परतते. १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या या किल्ल्याचा तट जवळपास तीन किलोमीटरचा आहे. तासात शिवराजेश्वराचं मंदिर, चुन्यातले हाता-पायाचे ठसे आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी होतात. तट राहून जातो. चढतानाच होडीवाल्याला सांगा, "भाऊ, आम्ही पुढच्या फेरीला येऊ," आणि शेवटची फेरी किती वाजता ते पक्कं करा. किल्ला पहिल्याच दिवशी दुपारी तीननंतर करावा. कुडाळला सकाळी उतरलात तर हे सहज जमतं.

स्कूबाबद्दल जरा सविस्तर, कारण फसगत इथेच जास्त. पॅकेजमध्ये 'स्कूबा फ्री' लिहिलेलं असतं ते नवशिक्यांचं डायव्हिंग. पोहता येण्याची गरज नाही, प्रशिक्षक मागून धरून नेतो, खोली पंधरा-वीस फूट, पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं. काही बोटींवर सिलिंडर पाठीला नसतोच. बोटीवरच्या सिलिंडरमधून लांब नळीने हवा येते. त्यात गैर काही नाही, पण पैसे मोजताना आपण काय घेतोय हे माहीत असावं. तीन प्रश्न विचारा: सिलिंडर पाठीवर की नळी, एका प्रशिक्षकामागे किती जण, आणि पाण्याखालचा वेळ किती मिनिटं? तिसऱ्याचं उत्तर 'अर्धा तास' आलं, तर त्यात कपडे बदलणं, सराव आणि रांग धरलेली आहे असं समजा. खाली जाताना कान दुखले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. न जमल्यास हाताने खूण करून वर यायचं, रेटायचं नाही. सर्दीत कान मोकळे होत नाहीत, म्हणून सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डाइव्ह नकोच. आणि सुरमई थाळी नंतर, आधी नाही.

पाणी गढूळ निघालं तर बोटवाला 'आज नशीब नाही' म्हणतो. नशीब पुष्कळसं पंचांगात असतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ जास्त, तळाची वाळू उठते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सौम्य भरती-ओहोटी, पाणी संथ. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट करायची, तीच पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे तीन वाजता, अष्टमी म्हणजे सहा वाजता, पौर्णिमा म्हणजे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण तारखा ठरवायला पुरतो. स्कूबा मुख्य असेल तर सप्तमी ते दशमीतले दिवस पाहून तिकीट काढा.

हाच हिशेब तारकर्लीशेजारच्या देवबागला उपयोगी पडतो. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलं त्सुनामी आयलंड म्हणजे वाळूचा पट्टा. भरतीला गेलात तर गुडघाभर पाण्यात उभं राहून वॉटर स्पोर्ट्सचे दर ऐकावे लागतात. ओहोटीला वाळू मोकळी होते. पण संगमावर पोहायला उतरू नये: ओहोटी लागली की नदीचं पाणीही बाहेर ओढतं, आणि वरून ते शांत दिसतं. लाईफ जॅकेटचे सगळे पट्टे बांधून घ्या, मुलांच्या जॅकेटचा पायांमधून जाणारा पट्टासुद्धा. मेअखेरीची 'सीझनची शेवटची ऑफर' टाळाच. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला होता.

वेंगुर्ल्याची रात्र कापावी असं आमचं मत. वेंगुर्ले वाईट म्हणून नव्हे. तिथली रात्र जंगलाच्या बाजूला लावायची गरज आहे म्हणून. कागदावर पाचव्या दिवशी आंबोलीहून निघून दाजीपूर सफारी आणि संध्याकाळी कोल्हापूर असतं. आंबोलीहून आजरा, गारगोटी, राधानगरी करत दाजीपूर साधारण सव्वाशे ते दीडशे किलोमीटर, थांबे धरून चार तास. आठला निघालात तरी बारा वाजतात. भर दुपारी गवा सावलीत रवंथ करत बसलेला असतो, आणि जीपमध्ये तुम्ही धूळ खात बसलेले असता. चौथी रात्र राधानगरीत किंवा दाजीपूरला काढून पाचव्या दिवशी पहाटेची पहिली जीप धरा.

आणि हे ताडोबा नव्हे, हे जीपमध्ये बसण्याआधीच मनाशी पक्कं करा. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे जंगल, आता राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किलोमीटरचं, मुख्यतः दाट आणि सदाहरित आहे. दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. गवा दिसला तर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, किंवा पाणवठ्याशी. काळाभोर देह आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, अशी ओळख. शेकरूसाठी मान वर ठेवा. वाघाचं आमिष दाखवणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. आतला रस्ता दगड-खड्ड्यांचा, म्हणून पाठीचं दुखणं असलेल्यांनी जीपमध्ये पुढची सीट मागावी. मोबाईलला रेंजचा भरवसा नाही, तेव्हा रोख पैसे राधानगरीतच काढून ठेवा आणि साप्ताहिक सुट्टीचा वार आधी फोनवर विचारा.

आंबोलीत पॅकेजवाले तीन पॉइंट दाखवून मोकळे होतात. उंची सुमारे ७०० मीटर, त्यामुळे डिसेंबरच्या रात्री स्वेटर लागतो. पण इथली खरी श्रीमंती पावसाळ्यात, अंधार पडल्यावर. स्थानिक वाटाड्याबरोबर रात्री फिरायचं, पायात बंद बूट, हातात बॅटरी: मलबार चापडा हा साप फांदीला वेटोळं घालून बसलेला, उडता बेडूक पानावर, आणि कातळावर आंबोली टोड हा बेडकाचा प्रकार, जो जगात फक्त याच भागात सापडतो. हात लावायचा नाही, तोंडावर फ्लॅश मारायचा नाही. हिरण्यकेशी नदीच्या उगमावरच्या कुंडात राहणारा छोटा मासा २०२० मध्ये शास्त्राला नवा म्हणून नोंदवला गेला. कुंडात हातपाय धुण्याआधी एवढं लक्षात असू द्या. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्यायला दहा मिनिटं थांबा.

पैशांचं गणित गाडीत अडकतं. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला साधारण ३०० किलोमीटर किमान धरतात, म्हणजे पाच दिवसांचे १५००. या मार्गावर प्रत्यक्ष धाव स्थानिक फिरणं धरून साडेचारशे-पाचशेच्या घरात. न धावलेल्या हजार किलोमीटरचे पैसे पॅकेजच्या रकमेत मुरलेले असतात. त्याऐवजी कुडाळ–मालवण एसटी, तारकर्लीत रिक्षा, आणि गाडी फक्त शेवटच्या तीन दिवसांसाठी. गाडी कोल्हापूरला सोडून रिकामी परतणार, तिचं परतीचं भाडं आधीच बोलून घ्या. मात्र सहा-सात जण असाल किंवा घरातले आजी-आजोबा बरोबर असतील, तर पूर्ण वेळ गाडीचं पॅकेज परवडतं. सामान चढवणं-उतरवणं वाचतं.

कागदावरचे काही शब्द नीट वाचा. 'साइटसीइंग समाविष्ट' म्हणजे गाडी तिथवर नेणार. होडी, प्रवेश फी, जीप, गाईड वेगळे. 'सी-फेसिंग' म्हणजे बऱ्याचदा सुरूच्या झाडांमागून ऐकू येणारा समुद्र. 'एसी रूम' खरीच असते, पण वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी नाही. जेवणात 'फिश थाळी' म्हणजे कुठला मासा हे लिहून घ्या. बांगडा आणि सुरमईच्या दरात बराच फरक आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा आग्रह धरू नये.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. कुडाळला नेणारी तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते, म्हणून शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढा. शुक्रवारची तारीख टाकणारे चोवीस तास उशिरा फलाटावर येतात आणि टीसीशी वाद घालतात.