इनव्हिड-वुईव्हेरिफाय: फॉरवर्ड आलेला व्हिडिओ तपासायला कितपत कामाचं?

क्रोम ब्राउझरमध्ये बसवायचं हे मोफत एक्स्टेन्शन, म्हणजे जोडसाधन, २०१७ पासून मिळतं. युरोपीय संघाच्या निधीतून ते उभं राहिलं आणि एएफपी या वृत्तसंस्थेचा त्यात मोठा वाटा आहे. मोबाइलच्या क्रोमवर ते चालत नाही, कॉम्प्युटरच लागतो. मराठीत ते नाही, पण बटणं मोजकी असल्यामुळे अडत नाही.

पैसे वसूल म्हणावं असं त्यातलं एकच साधन: 'कीफ्रेम्स'. व्हिडिओची लिंक टाका किंवा फाइल चढवा, की ते दृश्य जिथे जिथे बदलतं तिथली स्थिरचित्रं काढून देतं. त्यातलं एखादं गूगल, यांडेक्स किंवा टिनआय या चित्रावरून चित्र शोधणाऱ्या साइटवर शोधायचं. चेहरे आणि जागा ओळखण्यात यांडेक्स सरस. टिनआय तेच चित्र शोधतं, त्याच्यासारखी दिसणारी दुसरी चित्रं शोधत नाही. पण निकाल 'सर्वांत जुनं आधी' असे लावता येतात, आणि आपल्याला हवं असतं नेमकं तेच. फ्रेम निवडताना माणसांच्या गर्दीपेक्षा दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट, खांब दिसणारी घ्या. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर व्हिडिओ आरशासारखा फिरवलेला आहे. तो सरळ करूनच शोधा, नाहीतर मूळ हाती लागणं कठीण.

अडतं कुठे? एकाच कॅमेऱ्यातलं सलग दृश्य असेल तर फ्रेम फारच कमी येतात. तिथे व्हिडिओ थांबवून स्वतः स्क्रीनशॉट घ्यावा. 'मेटाडेटा'वर, म्हणजे फोटो कधी, कुठे, कशाने काढला या फाइलमधल्या नोंदीवर, वेळ घालवू नका, व्हॉट्सॲप ती माहिती पुसूनच फोटो पुढे पाठवतं. फोटोत फेरफार झाला का ते दाखवणाऱ्या 'फॉरेन्सिक'मधले रंगीत डाग तर नवख्याला हमखास फसवतात: वारंवार फॉरवर्ड होऊन पिचलेल्या अस्सल फोटोतही ते दिसतात.

पण मोठी मर्यादा वेगळीच आहे. २०१८ मध्ये देशभर फिरलेला मूल पळवण्याचा व्हिडिओ आठवा. दुचाकीवरचे दोघे येतात, रस्त्यात खेळणारं पोर उचलतात आणि निघून जातात. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेचा जनजागृतीपट. शेवटी दुचाकी परत येते, पोराला खाली ठेवतात आणि दोघांपैकी एक जण फलक उघडून दाखवतो. तेवढेच सेकंद कुणीतरी कापले. चित्रीकरण वरून, सीसीटीव्हीसारखं, त्यामुळे हे कुणी ठरवून घडवलंय अशी शंकाही येत नाही. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अशाच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं.

अशा व्हिडिओत एकही फ्रेम बनावट नसते, म्हणून 'फॉरेन्सिक' काहीच बोलणार नाही. कीफ्रेमवरून मूळ व्हिडिओ सापडला तरी काम अर्धंच होतं. दोन्ही शेजारी लावा, आधी लांबी जुळवा, मग सुरुवात आणि शेवट पाहा. मूळ १ मिनिटाचा आणि आपल्याकडचा ४० सेकंदांचा असेल, तर उरलेल्या २० सेकंदांत काय होतं ते बघितल्याशिवाय खिडकी बंद करू नका. सोबतचा मजकूर अगदी शेवटी वाचा. तो आधी वाचला की डोळे तेच शोधत बसतात.