मोजपट्टीची यागी आणि पाच वॉटचा हँडसेट: भांडुपच्या गच्चीवरील आठ महिने

गेल्या ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत, आठवड्यातून साधारण तीन वेळा, मी आमच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवरून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील हौशी रेडिओ रिपीटरमार्फत (एका वारंवारितेवर ऐकलेला आवाज दुसरीवर पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या यंत्रामार्फत) इतर हौशी रेडिओवाल्यांशी संपर्क साधत आले आहे. साधने दोनच होती: दोन बँडवर (वारंवारितांच्या पट्ट्यांवर) चालणारा पाच वॉटचा स्वस्त हँडसेट, आणि पोलादी मोजपट्टीचे तुकडे पीव्हीसी पाइपवर बसवून घरी केलेली यागी, म्हणजे एका दिशेला रोखून धरायची अँटेना. एवढ्या वापरानंतर अँटेनाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. हँडसेट मात्र जेमतेम उत्तीर्ण होतो. प्रक्षेपणाचा परवाना माझ्याकडे आधीपासून होता. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी आधी परीक्षा देऊन दूरसंचार विभागाकडून तो घ्यावा, त्याविना बोलण्याचे बटण दाबू नये.

मोजपट्टी निवडण्याचे कारण काटकसर नव्हते, तर आमची लिफ्ट होती. आपण ज्यावर बोलतो त्या १४५ मेगाहर्ट्झसाठी लागणारे अँटेनाचे एकेक अंग, म्हणजे आडवी पट्टी, सुमारे एक मीटर लांबीचे असते आणि ॲल्युमिनियमची नळी लिफ्टच्या दारात अडकतेच. मोजपट्टी वाकते आणि बाहेर पडताच टक्कन सरळ होते. एकाच पाइपवर १४५ मेगाहर्ट्झची तीन अंगे आणि त्यांच्याशी काटकोनात, ऐकण्यासाठी, ४३७ मेगाहर्ट्झची पाच अंगे मी बसवली आहेत. पट्टीवरचा पिवळा रंग सँडपेपरने घासून लखलखीत पोलाद दिसेपर्यंत काढला नाही, तर सोल्डर मोत्यासारखा गोळा होऊन घरंगळतो. माझे पहिले दोन सांधे याच चुकीमुळे सुटले.

अँटेना स्थानकाच्या दिशेने धरणे हे अर्धेच काम असते. स्थानक सरकत असताना त्याच्या लहरींचा कल आपल्या दृष्टीने बदलत राहतो, त्यामुळे स्पष्ट येणारा आवाज एकाएकी खरखरीत बुडतो. अशा वेळी दिशा न बदलता, कुलपात किल्ली फिरवावी तसे मनगट पाव वळसा फिरवले की आवाज परत येतो. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या शेजारच्या आजी हे पाहून म्हणाल्या, “आमच्या वेळी दूरदर्शनसाठी असंच फिरवायचो, खालून कोणीतरी ‘आलं, आलं’ ओरडायचं.” तंत्र खरोखरच तेच आहे, फरक इतकाच, की इथला प्रक्षेपक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने निघालेला असतो.

या वेगामुळे डॉपलर परिणाम सांभाळावा लागतो. रिपीटर ४३७.८०० मेगाहर्ट्झवर बोलतो, परंतु स्थानक जवळ येत असताना तो दहा किलोहर्ट्झपर्यंत वर आणि दूर जाताना तितकाच खाली ऐकू येतो. मी पाच वाहिन्या आधीच साठवून ठेवल्या असून ४३७.८१० पासून ४३७.७९० पर्यंत एकेक पायरी उतरते. आपण बोलतो त्या १४५.९९० वर हा फरक साडेतीन किलोहर्ट्झच्या आत असल्याने एफएमवर तो सोडून देता येतो. मात्र आवाजासोबत पाठवायचा ६७ हर्ट्झचा टोन (खालचा सलग सूर) लावायला विसरल्यास रिपीटर उघडतच नाही.

डोक्यावरून जाणारी चांगली फेरीसुद्धा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत दहा-अकरा मिनिटांचीच असते. भांडुपला पूर्वेकडे खाडी असल्यामुळे तो भाग मोकळा आहे, पण पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि त्यांच्या अलीकडे नवे टॉवर उभे आहेत, त्यामुळे वायव्येकडून येणाऱ्या फेरीची पहिली दोन मिनिटे मला मिळत नाहीत. त्याची फारशी हळहळ वाटण्याचे कारण नाही: क्षितिजावर असताना स्थानक सुमारे २,३०० किलोमीटर दूर असते, डोक्यावर आल्यावर ४०० च्या आसपास, आणि अंतराच्या या फरकामुळे सिग्नल तीसपटींनी बदलतो.

आता हँडसेटबद्दलची तक्रार. बटण दाबताच तो ऐकणे बंद करतो, त्यामुळे आपला आवाज रिपीटरपर्यंत पोहोचला की नाही, आपण दुसऱ्या कुणाच्या बोलण्यावर चढलो की काय, हे कळतच नाही. पहिले दोन महिने मी आंधळेपणाने हाका मारत होते. नंतर ४३७ ची अँटेना थेट लॅपटॉपला लावलेल्या एसडीआर डोंगलला (संगणकाच्या मदतीने रेडिओ ऐकवणाऱ्या छोट्या उपकरणाला) जोडली, दोन्ही बँड वेगळे करणारा डिप्लेक्सर अडगळीत टाकला, आणि नेमके तिथेच फसले: बोलायला लागले की डोंगल ठार बहिरा. १४५.९९० ची तिप्पट ४३७.९७० होते, म्हणजे ऐकण्याच्या वाहिनीपासून अवघे १७० किलोहर्ट्झ दूर, आणि स्वस्त हँडसेट ही तिप्पट वारंवारिता पुरेशी गाळत नाही. डिप्लेक्सरचा खालच्या बँडचा भाग हँडसेटच्या केबलमध्ये पुन्हा बसवल्यावर हेडफोनमध्ये पहिल्यांदा माझाच आवाज स्थानकावरून परत आला. त्या संध्याकाळी बेंगळुरू आणि मस्कत, असे दोन संपर्क एकाच फेरीत झाले. शिवाय हँडसेटवरचा कनेक्टर वारंवार ढिला होतो. जानेवारीचे दोन आठवडे मी रिपीटर बंद असल्याचे समजत होते, आणि दोष निघाला मधल्या पिनेत. (अंतराळवीर यानाबाहेर काम करत असताना रिपीटर खरोखर बंद ठेवला जातो, म्हणून माझी ती समजूत अगदीच निराधार नव्हती.)

गच्चीवरचा एलईडी फ्लडलाइट १४५ वर इतका गोंगाट करतो, की त्या बँडवर स्थानक ऐकायचे असेल तेव्हा वॉचमनकाकांना सांगून तो पंधरा मिनिटे बंद ठेवावा लागतो. स्थानकावरून १४५.८०० वर चित्रे प्रसारित होतात त्या दिवसांत तर हे अटळ आहे, कारण एक चित्र उतरायला दोन मिनिटे लागतात आणि तेवढ्यात आलेली प्रत्येक खरखर चित्रावर आडव्या रेघेच्या रूपात उमटते.

मुंबईकरांसाठी एक गंमत नोंदवते. संपर्कात कॉलसाइनबरोबर (परवान्यावरच्या आपल्या ओळख-संकेताबरोबर) आपल्या जागेचा चौकोन सांगायचा असतो; हे चौकोन अक्षांश-रेखांशांनुसार आखलेले असतात, आणि १९ अंश अक्षांशाची रेषा परळच्या आसपास शहराला छेदत असल्याने दादरचा माणूस ‘एमके ६९’ सांगतो, तर कुलाब्याचा ‘एमके ६८’. दिल्लीच्या एका गृहस्थांना ६८ च्या चौकोनाशी संपर्क हवा होता, म्हणून एका रविवारी पहाटे मी यागी गुंडाळून लोकलने मरीन ड्राइव्हला गेले. पश्चिमेचे क्षितिज तिथे पूर्ण उघडे मिळाले आणि संपर्क फेरीच्या दुसऱ्याच मिनिटाला झाला.

पुन्हा सुरुवात करायची झाल्यास मी हँडसेट हाच ठेवेन, मात्र डोंगल पहिल्याच दिवशी घेईन. भारताचा स्वतःचा हौशी रेडिओ उपग्रह हॅमसॅट २००५ ते २०१४ या काळात कार्यरत होता, तेव्हा मला या छंदाचा पत्ताही नव्हता. त्याची चुटपुट राहील. सध्या पट्ट्यांच्या उघड्या पोलादावर गंज धरू लागला आहे, म्हणून सांध्यांवर नेलपॉलिश लावून अँटेना पंख्याच्या वर माळ्यावर ठेवली आहे. पावसाळ्यात खिडकीतून पूर्वेच्या खाडीवरच्या फेऱ्या नुसत्या ऐकेन.