क्लेमेंटेचं कापलेलं कार्ड आणि माझे ३,०४६ डॉलर

लाज वाटते, पण लिहितोय. अमेरिकेत मुलांच्या हट्टापायी जुनी बेसबॉल कार्डं घेणारे आपले बरेच मराठी आईबाप आहेत, त्यांनी तरी सावध व्हावं.

न्यू जर्सीतल्या एका कार्ड शोमध्ये मी रॉबर्टो क्लेमेंटे या बेसबॉलपटूचं टॉप्स कंपनीचं १९५५ चं कार्ड घेतलं. क्रमांक १६४, त्याचं रूकी कार्ड, म्हणजे खेळाडूचं पहिलं कार्ड. किंमत २,८५० डॉलर. मुलाने शाळेत क्लेमेंटेवर प्रोजेक्ट केला होता. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान ३१ डिसेंबर १९७२ ला समुद्रात कोसळलं आणि हिट्सचा आकडा बरोबर ३,००० वर थांबला. त्या प्रोजेक्टपासून पोराच्या तोंडी दुसरं नाव नाही. त्याच्या बाराव्या वाढदिवसासाठी दीड वर्ष पैसे बाजूला टाकत होतो.

टेबलावर दोन क्लेमेंटे होते. एक ग्रेड केलेलं, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने तपासून दहापैकी गुण दिलेलं, सीलबंद प्लॅस्टिकमध्ये, ग्रेड ३. कोपरे झिजून गोल झालेले, मागे च्युइंगमचा डाग, भाव २,४००. दुसरं ग्रेड न केलेलं, पण कोपरे टोकदार, कडा सरळसोट. विक्रेता म्हणाला, "ग्रेडिंगला पाठवलंत तर सहा कुठेच गेला नाही." मी दोन महिने वाचून गेलो होतो. कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्र मध्यभागी आहे की नाही, सगळं बघितलं. अगदीच अडाणी नव्हतो.

आणि तरीही. पोराच्या खिशात त्याच १९५५ च्या सेटमधलं चार डॉलरचं एक साधं कार्ड होतं. त्याने ते क्लेमेंटेच्या मागे धरलं आणि म्हणाला, "बाबा, माझं कार्ड जरासं बाहेर येतंय." दिसत होतं मला. एका बाजूने पांढरी रेघ, नखाएवढीही नाही. विक्रेता लगेच म्हणाला, "त्या काळी कारखान्यात कटिंग कमीजास्त व्हायचं." व्हायचंच, हे खरं आहे, म्हणून तर पटलं. मी उलट पोरालाच दटावलं, "हात लावू नकोस, महागाचं आहे." नोकरीत मी दिवसभर कॅलिपरने मोजून सुटे भाग तपासतो. तो क्षण आठवला की आजही झोप उडते.

१९५५ चं टॉप्स कार्ड लांबीला पावणेचार इंच असतं, म्हणजे ३.७५. माझं घरी मोजलं तर ३.६९. भिंगाखाली तीन कडा पिवळट, मऊ पडलेल्या आणि चौथी पांढरी स्वच्छ. पृष्ठभागावर सत्तर वर्षांचे बारीक ओरखडे आणि कड मात्र कालची! कार्ड म्हातारं होतं ते सगळीकडून होतं, एकच बाजू तरुण राहत नाही. झिजलेली कड कापून कोपरे टोकदार केले होते. ग्रेडिंगचे १५० आणि विमा उतरवून पाठवण्या-आणण्याचे ४६ डॉलर भरल्यावर शेरा आला: कड कापलेली, ग्रेड देता येत नाही.

मला मूर्ख म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूच्या सगळ्यात गाजलेल्या कार्डाला ८ ग्रेड मिळालेला होता. त्याची कड आपणच कापली होती, हे कार्डांचे लिलाव करणाऱ्या बिल मास्त्रोने २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. तिथे जाणकार फसले, मी तर एक बाप होतो.

पैसे ॲपवरून दिले होते, "मित्र-नातेवाईक म्हणून टाका, फी वाचेल," असं तो म्हणाला म्हणून. कोणी असं म्हटलं की तिथूनच उठा. ॲपवाल्यांनी हात वर केले: स्वतःहून मित्राला दिलेले पैसे परत मिळत नाहीत. पोलीस ठाण्यात पाऊण तास बसवलं. समोरच्याने कार्ड हातात घेऊन विचारलं, "या पुठ्ठ्याचे २,८५० दिलेत?" आणि हा दिवाणी मामला आहे म्हणून वाटेला लावलं. ग्राहक खात्याचा फॉर्म भरला, तो हरवला, पुन्हा भरला. अकरा आठवड्यांनी पत्र आलं की विक्रेत्याचा पत्ता अपुरा आहे. पत्ता शोधायचा कोणी, मी? शोच्या आयोजकांकडे त्याचा पत्ता नक्की असणार, पण ते म्हणतात, "आम्ही फक्त टेबलं भाड्याने देतो." माणूस दिवसाढवळ्या लुटतो, सगळ्यांना दिसतो, आणि काम मात्र कोणाचंच नाही.

कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटातून बाहेर काढून मोजू देत नसेल तर घेऊ नका. पावती लिहून घ्या, त्यावर "कापलेलं नाही, नाहीतर पैसे परत" हे शब्द हवेत. तो झिजलेला, डागाळलेला ३ ग्रेडचा क्लेमेंटे खरा होता, आणि ४५० डॉलरने स्वस्त होता.

पुढच्या महिन्यात त्याच हॉलमध्ये पुन्हा शो आहे. यादीत त्याचं टेबल आहे. जाणार असाल तर त्या वर्षाचं एखादं साधं कार्ड खिशात ठेवा, आणि बरोबर पोरगं असेल तर ते काय म्हणतंय ते ऐका.