तंजावर शैलीतील विठ्ठल : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

लहान आकाराच्या देवचित्रांचा माझा छोटासा खासगी संग्रह सोलापुरातील घरी आहे. त्यासाठी गेल्या माघात तंजावर शैलीतील विठ्ठलाचे दहा बाय बारा इंचांचे चित्र मुद्दाम करवून घेतले. तंजावरच्या भोसल्यांच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८ ते १८३२) आश्रयाने बहरलेल्या या शैलीत पंढरीचा देव असावा, अशी इच्छा जुनीच होती.

चित्रकाराचा हात बालाजीला सरावलेला असल्यामुळे पहिल्या रेखाटनात देवाचा उजवा हात वरदमुद्रेत आला होता. दोन्ही कर कटेवर आणि कानी मकरकुंडले हवीत, असे कळवताच त्याने कुरकुर न करता ते नव्याने काढून दिले.

पूर्वी फणसाची फळी वापरत, येथे प्लायवूड आहे. त्यावर कापड चिकटवून, खडूची भुकटी व डिंक यांच्या लेपाने उठाव देऊन वर सोन्याचा वर्ख लावला आहे. तुळशीमाळेचा एकेक मणी मोहरीएवढा उठलेला असून दोन मण्यांमधल्या खाचेतही वर्ख नीट दाबलेला आहे. ट्यूबलाइटखाली मात्र हे सारे पितळी पत्र्यासारखे सपाट दिसते. डाव्या अंगाला समई लावली की उठावाच्या सावल्या पडतात आणि माळ वेगळी दिसू लागते.

तक्रार आहे ती चौकटीबद्दल, आणि ती येथेच एका दुकानात करवून घेतल्याने चूक काही अंशी माझीही आहे. काच थेट चित्रावर जडवलेल्या खड्यांना टेकवली होती. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेल्यावर मागचा हार्डबोर्ड फुगला आणि मुकुटाचा एक लाल खडा निसटून चौकटीच्या तळाशी जाऊन बसला. ‘उन्हाळ्यात असं होतंच, साहेब,’ एवढेच उत्तर मिळाले. दुसरीकडे काच व चित्र यांच्यात पट्टी घालून चौकट बदलून घेतली, तेव्हापासून त्रास नाही. काच काढलेली असताना ओले फडके मात्र लावू नये. डिंक पाण्याने सुटतो.

आषाढात गजानन महाराजांची पालखी सोलापुरात आली, तेव्हा दर्शनासाठी आलेल्या आत्याबाई चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘सगळं छान आहे रे, पण विटेला खडे कशाला?’ विटेच्या कडेने खरोखरच हिरव्या खड्यांची ओळ आहे आणि मी ती रेखाटनात पाहूनही सोडून दिली होती. खडे काढल्यास वर्ख उचकटेल, असे चित्रकार सांगतो; त्यामुळे ते तसेच राहिले आहेत.