घरातल्या रोजच्या फोटोंसाठी फिल्म कॅमेरा: खिशातला की गळ्यातला?

आमच्या घरी कॅमेरा दिसला की मावशी आधी पदर सारखा करते. "थांब गं, केस तरी नीट करू दे." तोवर कणीक मळणारे हात थांबलेले असतात आणि मला हवा असलेला फोटो निसटलेला असतो. फिल्मवर घरच्या दिवसांची रोजनिशी ठेवायची असेल, तर कॅमेरा निवडताना या निसटणाऱ्या क्षणाचा आणि संध्याकाळच्या स्वयंपाकघरातल्या उजेडाचा विचार आधी करा. लेन्स किती धारदार आहे ते मागाहून पाहता येईल.

पहिल्या अडचणीवर उत्तम उपाय म्हणजे खिशात मावणारा कॉम्पॅक्ट कॅमेरा, उदाहरणार्थ १९९७ सालचा ऑलिंपस म्यू-२. वजन बॅटरीशिवाय अवघं १३५ ग्रॅम. झाकण सरकवलं की तयार. फोकस, उजेडाचं गणित, रोल पुढे नेणं, सगळं तोच करतो. ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं, म्हणजे ताटातली भाकरीसुद्धा टिपता येते. जपानची छायाचित्रकार हिरोमिक्स हिने अशाच एका खिशातल्या कॅमेऱ्याने, कोनिका बिग मिनीने, आपली खोली, मैत्रिणी आणि स्वतःचा चेहरा टिपला. त्या फोटोंना १९९५ मध्ये कॅननच्या स्पर्धेत पारितोषिक मिळालं आणि त्यांची निवड छायाचित्रकार नोबुयोशी अराकी यांनी केली होती. फ्लॅशचा थेट, सपाट उजेड त्या फोटोंना शोभतो.

मात्र तोच फ्लॅश आमच्या घरात घात करतो. म्यू-२ दर वेळी उघडला की फ्लॅश पुन्हा आपोआप चालू होणाऱ्या स्थितीत येतो. बटण दाबून तो बंद करायचा राहिला, की देवघरासमोर बसलेली आजी दचकते आणि समईचा पिवळा उजेड पार पुसला जातो. बंद केला तर शटर इतकं सावकाश चालतं की फोटो हलतो. शिवाय आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट गेलं की सुटे भाग मिळत नाहीत. एवढ्याशा वस्तूला आज जी किंमत मोजावी लागते, ती पाहता मला हा धोका मोठा वाटतो.

म्हणून माझा कौल पेंटॅक्स के-१००० सारख्या साध्या, हाताने चालवायच्या एसएलआरला, म्हणजे लेन्समधूनच दृश्य बघायच्या कॅमेऱ्याला. लेन्ससकट पाऊण किलोच्या वर भरतो, आवाजही चांगला खणखणीत. पण भरपूर उजेड आत घेणाऱ्या ५० मिलिमीटरच्या एफ/२ लेन्सबरोबर कमी उजेडात चालणारा ४०० आयएसओचा रोल घातला, की ट्यूबलाइटखालच्या ओट्याजवळ साधारण १/३० किंवा १/६० सेकंदात काम होतं. कोपर ओट्याला टेकवलं की हात स्थिर राहतो. बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या लाइट मीटरला लागते. ती संपली तरी शटर चालतंच. मीटरला बंद करायचं बटण नाही, म्हणून वापरून झाला की लेन्सवर झाकण ठेवायचं. बिघडला तर दुरुस्त करू शकणारे जुने कारागीर अजून सापडतात.

मग पदराचं काय? कॅमेरा आठवडाभर जेवणाच्या टेबलावरच ठेवला. चष्म्याच्या घरासारखा तो तिथलाच होऊन गेला. तिसऱ्या रोलपर्यंत मावशी वर बघेनाशी झाली. एसएलआर हळू आहे हे खरं, पण घरच्यांना त्याची सवय लावणं आपल्या हातात असतं. काळोख्या खोलीत उजेड आणणं तसं नसतं. छायाचित्रकार पाब्लो बार्थोलोम्यू यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत दिल्ली, मुंबई आणि कलकत्त्यात काढलेले कृष्णधवल फोटो, 'आउटसाइड इन' या मालिकेतले, जरूर बघा. मित्रांच्या खोल्यांमध्ये कोणी कॅमेऱ्यासाठी सावरून बसलंय असं वाटतच नाही.

ऑलिंपस ट्रिप-३५ बॅटरीशिवाय चालतो, दिवसा अंगणात, बाजारात, एसटीत फार गोड कॅमेरा आहे. संध्याकाळी घरात मात्र उजेड कमी पडला की डोळा लावायच्या खिडकीत लाल पट्टी वर येते आणि बटण दाबलंच जात नाही.

२०२४ मध्ये आलेला पेंटॅक्स १७ नवा मिळतो, हे त्याचं मोठं बळ. हाफ-फ्रेम, म्हणजे एका फोटोच्या जागेत दोन काढणारा, असल्याने ३६ च्या रोलमध्ये ७२ फोटो, तेही मोबाइलसारखे उभे. खर्च निम्मा होतो, फिल्मचे दाणे मात्र जास्त दिसतात. स्कॅनमध्ये शेजारशेजारच्या दोन चौकटी एकत्र घेतल्या की रोजनिशीचं पान उघडल्यासारखं वाटतं. पण तुम्ही कमी फोटो काढत असाल तर गणपती आणि होळी एकाच रोलवर येतील.

काहीच ठरत नसेल तर आधी घरातल्या माळ्यावर शोधा. नव्वदीतला कोडॅक केबी-१० अनेक घरांत पडून आहे. फोकस ठरावीक, अगदी जवळचा चेहरा मऊ येतो, पण सवय लावायला पुरेसा.

जुना एसएलआर घेताना मागचं दार उघडून कडेचा काळा फोम बोटाने दाबून बघा. चिकट लागला तर उजेड आत शिरणार. शटर एका सेकंदावर लावून आवाज ऐका. आणि पहिला रोल बारशाला नेऊ नका. रविवारी घरातच एका दिवसात संपवा आणि सोमवारी धुवायला द्या. कुठे फट असेल तर निगेटिव्हवर दिसेल, तेही कोणाचं बारसं न बुडता.