बार कॉपरच्या नावाखाली २,९७४ डॉलर गेले: अमेरिकेची जुनी तांब्याची नाणी घेणाऱ्यांनी वाचाच

बार कॉपर या अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या नाण्याचे २,८५० डॉलर, तपासणीची फी ७८, विमा उतरवलेल्या टपालाचे ४६. एकूण २,९७४. रुपयांत धरले तर अडीच लाखांच्या घरात. एवढे मोजून माझ्या हाती आली ती चार-पाच डॉलरची शोभेची नक्कल, तीही तासलेली. शिवराई नाणी जमवता जमवता इथे न्यू जर्सीत आल्यावर अमेरिकेच्या जुन्या तांब्याकडे वळलेले आपल्यातले काही जण मला माहीत आहेत. ती नक्कल विकणारा माणूस अजून मोकळा फिरतोय, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

पद्धत तुम्हाला ठाऊक असेल, आधी खरा माल देऊन विश्वास कमवायचा. एका नाणे प्रदर्शनात त्याच्या टेबलावरून मी १७८७ ची दोन कनेक्टिकट कॉपर (त्या राज्याची जुनी तांब्याची नाणी) घेतली, १४० डॉलरला. दोन्ही अस्सल निघाली. साठीच्या पुढचे, मृदू बोलणारे गृहस्थ. सासऱ्यांचा संग्रह थोडा थोडा विकतोय म्हणाले. फोन नंबर दिला. महिनाभराने त्यांचाच फोन आला, की प्रदर्शनात मांडायचं नाही असं एक बार कॉपर आहे, आधी तुम्हाला दाखवतो. इथेच सांगून ठेवतो: अस्सल बार कॉपर कोणी कोणासाठी राखून ठेवत नाही. लिलावात टाकलं की त्याला गिऱ्हाईक मिळतंच.

बार कॉपर न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. एका बाजूला यू, एस, ए ही तीन अक्षरं एकमेकांत गुंफलेली, दुसऱ्या बाजूला तेरा आडव्या पट्ट्या. साल नाही, राजाचं डोकं नाही, बाकी सगळं कोरं. १७८५ च्या शेवटी ही नाणी न्यूयॉर्कमध्ये दिसू लागली, तेव्हा न्यू जर्सी गॅझेटने लिहिलं होतं की ही तर सैनिकांच्या कोटाची बटणंच, फक्त मागचा शिवायचा कान नाही. मला हे नाणं या साधेपणासाठीच हवं होतं.

आणि साधं असल्यामुळेच त्याची नक्कल सोपी. १८६२ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या जॉन अ‍ॅडम्स बोलन या नाणी पाडायचे ठसे कोरणाऱ्या कारागिराने त्याची नक्कल पाडली. बोलनने फसवलं नाही, नक्कल म्हणूनच विकली. पण काम इतकं देखणं की पुढे लोकांनी ती खरी म्हणून खपवली. ओळखायची खूण एकच आणि ती डोळ्यांसमोर असते: अस्सल नाण्यात ए ची रेघ एस च्या वरून जाते, बोलनच्या नकलेत ती एस च्या खालून जाते.

ही खूण मला माहीत होती. हे लिहिताना आजही अंगाची आग होते. कॉफीच्या दुकानात खिडकीशी बसून मी दहापट भिंगातून पाहिलं. एस वर होता. ए त्याच्याखालून, दोन तुकड्यांत तुटल्यासारखा जात होता. मी विचारलंसुद्धा! उत्तर त्याच्या ओठांवर तयार होतं: "ठशांच्या दोन जोड्या होत्या, ही दुसरी, दुर्मीळ." लगेच खिशातून जुनं, पिवळं पडलेलं कागदी पाकीट काढलं. त्यावर शाईने लिहिलेलं नाव, किंमत, १९३८ साल. शिवाय एका जुन्या लिलाव कॅटलॉगच्या पानाची छायाप्रत, त्यात दुसऱ्या ठशाचा उल्लेख. बार कॉपरची ठशांची एकच जोडी माहीत आहे हे मी घरी पुस्तक उघडून पाहिलं तेव्हा पैसे जाऊन दोन तास झाले होते. पण समोर छापील पान, हस्ताक्षरातलं पाकीट आणि आधीची दोन अस्सल नाणी असताना कोणीही हेच केलं असतं. मी नवखा नाही, हव्यासापोटी डोळे मिटून पैसे टाकणारा तर मुळीच नाही. पूर्ण तयारीनिशी आलेल्या माणसाने मला लुबाडलं.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त सलते. अक्षरांच्या खालच्या कोऱ्या जागेत नखाएवढा एक भाग बाकीच्यापेक्षा गुळगुळीत होता. नाणं खिडकीकडे तिरकं धरलं की तिथे उजेड वेगळा पडायचा आणि किंचित खोलगट भासायचं. जुन्या काळी कोणीतरी घासलंय, म्हणाला. अमेरिकेत १९७३ पासून कायदा आहे, नाण्यांच्या नकलांवर 'कॉपी' हा शब्द उमटवावाच लागतो. तो शब्द तिथे होता आणि तासून काढला होता. वर तपकिरी रंग चढवला होता. तेव्हा जुन्या तांब्याच्या कोऱ्या भागात असा एकाकी गुळगुळीत डाग दिसला की नाणं तिथेच खाली ठेवा. कारण ऐकत बसू नका.

किमतीत तो ३,४०० डॉलरपासून २,८५० वर आला, तेही जड मनाने उतरतोय असं दाखवत. पैसे फोनवरून पाठवायचे, 'मित्र आणि कुटुंब' हा पर्याय निवडायचा, म्हणजे कमिशन वाचेल. त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण नसतं. विक्रेता तो पर्याय मागतोय म्हणजे नाण्याचं भवितव्य त्याला ठाऊक आहे.

नाणी तपासणाऱ्या खासगी कंपनीकडून नाणं परत आलं, शेरा दोन शब्दांचा: अस्सल नाही. बोलनची खरी नक्कल असती तरी आज तिला चांगली किंमत आहे. माझ्याकडे आली ती त्या नकलेची हल्लीची ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेली नक्कल. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, कडेला फाइल फिरवल्याच्या खुणा. कड बघा हो, कड! सगळे दोन बाजू बघतात आणि लबाडी कडेला दडते. ओतीव असेल तर तिथे सांधा किंवा तो घासल्याची खूण असते. विद्युत मुलाम्याने केलेल्या जुन्या नकला तर दोन पातळ अर्धुकं जोडून केलेल्या असतात.

आता यंत्रणा. पोलीस ठाण्यात काउंटरवरच्या अधिकाऱ्याने नाणं हातातसुद्धा घेतलं नाही. "तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत, हा दिवाणी वाद आहे." तपासणीचा कागद दाखवला, तर ते खासगी कंपनीचं मत ठरलं. मग तुमचं मत कोण देणार? त्यालाही उत्तर नाही. एका केंद्रीय खात्याच्या पोर्टलवर लांबलचक अर्ज भरला, तर एक क्रमांक आणि आभाराचा मेल आला, बस्स. फोन केला तर म्हणे वैयक्तिक तक्रारींवर आम्ही कारवाई करत नाही, माहिती फक्त साठवतो. दुसऱ्या खात्याने सांगितलं की हे सरकारी चलन नाही, त्यामुळे बनावट चलनात बसत नाही. बँक म्हणते व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. प्रदर्शनवाले म्हणतात आम्ही फक्त टेबल भाड्याने देतो, आणि ते टेबल भलत्याच नावावर होतं. आणि तो नकलांचा कायदा? २०१४ मध्ये तो आणखी कडक झाला, विकणाराही त्यात आला, फसलेल्याला थेट फेडरल कोर्टात जाता येतं. जा ना! वकिलाचा दर तासाला ४०० डॉलर, विक्रेत्याचं नाव खोटं, नंबर बंद. दावा लावायचा कोणावर? कर आम्ही वेळच्या वेळी भरायचा आणि दारात गेलं की प्रत्येकाने शेजारचं दार दाखवायचं. उच्चार ऐकून काउंटरवरचा आवाज बदलतो, हेही मी अनुभवलं.

फ्यूजिओ सेंट (१७८७ चं अमेरिकेचं तांब्याचं नाणं) घेणार असाल तर त्यावरची तेरा कड्यांची साखळी आधी बघा. कड्या बारीक, तारेसारख्या असतील तर ते १७८७ चं नाणं नाही, १८५९-६० च्या सुमाराची 'न्यू हेवन' नक्कल आहे. न्यू जर्सी कॉपरचं ठरलेलं वजन १५० ग्रेन (सुमारे ९.७ ग्रॅम), पण प्रत्यक्षात इतकं खालीवर होतं की नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका. तपासणी कंपनीच्या प्लास्टिकच्या डबीत सीलबंद आहे म्हणूनही भुलू नका, डब्याही खोट्या निघतात. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून फोटो ताडून बघा. पाकिटं, चिठ्ठ्या, सासऱ्यांच्या आठवणी यांची किंमत शून्य धरा. आणि विक्रेत्याला सरळ सांगा: आधी तपासणी, मग पैसे. तो उठून गेला तर जाऊ द्या.

त्याच्या पेटीत मी आणखी एक नाणं पाहिलंय: १७३७ चं हिगली कॉपर, वसाहतकाळातलं तांब्याचं नाणं, एका बाजूला हरण, दुसऱ्या बाजूला मुकुट घातलेले तीन हातोडे. अस्सल हिगली इतकी थोडी उरलीत की ती अशी पेटीत घेऊन कोणी फिरत नाही, आणि बोलनने त्याचीही नक्कल पाडली होती. त्याचे तो ६,००० सांगत होता. उंच, पांढरी आखूड दाढी, डाव्या हातात चांदीचं कडं, बोलता बोलता भिंग स्वतःच पुढे करतो. हे हरण तुम्हाला कोणी दाखवलं तर माणसाचा आणि गाडीच्या नंबराचा फोटो काढा आणि मला लगेच कळवा.